मित्रासाठी मदत मागणाऱ्यालाही वसतिगृहातून काढायचं का?

रातकिडा
वसतिगृहाचा नियम बहुधा एका ओळीचा असतो: दारू सापडली की बाहेर. प्यालेला, आणून देणारा, खोलीत नुसता बसलेला, सगळे एकाच मापात. माझं म्हणणं असं की या नियमाने पिणं थांबत नाही, खोलीला आतून कडी लागते एवढंच.

कॉलेजातली बरीच पोरं रोज पिणारी नसतात. महिनाभर काही नाही आणि परीक्षा संपली की एका रात्रीत सगळं उरकायचं. पैजा लावायच्या, एका दमात ग्लास संपवायचा, नवख्याला आग्रह करकरून पाजायची. अमेरिकेतली दारूच्या दुष्परिणामांवर संशोधन करणारी सरकारी संस्था अतिपान कशाला म्हणते? साधारण २ तासांत पुरुषाने ५ किंवा स्त्रीने ४ ड्रिंक घेतले आणि रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांवर गेलं, तर त्याला. त्यांचं एक ड्रिंक म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. (खोलीत अंदाजाने ओतलेल्या पेगात किती असतं, ते ओतणाऱ्यालाही माहीत नसतं.)

मग एकजण आडवा होतो आणि बाकीचे म्हणतात, झोपू दे, सकाळी उतरेल. रेक्टरला उठवलं तर सगळ्यांच्या घरी फोन जाणार, ही धास्ती. म्हणून मागणी एकच: ज्याने मदत मागितली आणि ज्याच्यासाठी मागितली, त्या दोघांवर पिण्याबद्दल कारवाई नको. अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाने २००२ मध्ये असा नियम केला. नंतर मदतीसाठीचे फोन वाढले.

सरळमार्गी
साफ असहमत. प्या, पडा, फोन करा, सुटा! असा नियम असेल तर घाबरायचं कशाला? आणि फोन वाढले म्हणजे पिणंच वाढलं नाही कशावरून?

तुम्ही अमेरिकेचे दाखले देताय तर पूर्ण द्या. १९८४ मध्ये तिथे कायदा झाला की जे राज्य दारूसाठी किमान वय २१ ठेवणार नाही, त्याच्या महामार्गांच्या निधीला कात्री. त्यानंतर तरुण चालकांचे अपघाती मृत्यू कमी झाले. धाकाने माणसं वाचतात, हे त्यातून दिसत नाही का? एकोणीस वर्षांच्या पोराला समुपदेशन वगैरे कळत नाही, परिणाम कळतात.

कशाला_उगाच
आम्ही सगळेच प्यायचो. सगळे जिवंत आहोत, नोकऱ्या करतोय. इतकं मनावर घेऊ नका.

ड्यूटीवाली
जे जिवंत राहिले नाहीत ते इथे प्रतिसाद द्यायला येणार नाहीत.

मी तातडीच्या विभागात काम करते, म्हणून 'सकाळी उतरेल' याबद्दल थोडं लिहिते. पिणं थांबवल्यावरही पोटातली दारू रक्तात जात राहते. त्यामुळे झोपवलेल्या माणसाच्या रक्तातलं अल्कोहोल अजून वर चढत असू शकतं. यकृत तासाला साधारण एकाच ड्रिंकचा निचरा करतं. कॉफी, गार पाण्याची आंघोळ, फिरवून आणणं, याने तो वेग तसूभरही वाढत नाही. उलट बाथरूममध्ये घसरून डोकं आपटतं ते वेगळंच. दारू फार झाली की घशाची ठसका लागण्याची क्रिया मंदावते. अशा वेळी उताणा झोपलेला माणूस ओकला तर ती ओकारी श्वासनलिकेत जाऊन गुदमरू शकतो.

हलवूनही जागा होत नसेल, मिनिटाला ८ पेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत १० सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, ओठ निळसर किंवा अंग गार पडलं असेल, तर थेट अँब्युलन्स. ती येईपर्यंत कुशीवर ठेवा, एकटं सोडू नका. यातली एक खूण दिसली तरी पुरे, सगळ्या जमायची वाट पाहू नका.

आणि आमच्याकडे आणणारी मुलं खोटं बोलतात. 'काहीतरी बाहेरचं खाल्लं' म्हणतात. त्यात आमचा वेळ जातो. त्यामुळे मदत मागणाऱ्यावर कारवाई न करण्याच्या नियमाच्या बाजूने माझं मत.

खोली_नंबर_सात
इथे सगळे पिणाऱ्यांची काळजी करताहेत. न पिणाऱ्यांचं कोण बघणार? रात्री तीनला दार बडवणारे, जिन्यात ओकणारे, आरसे फोडणारे, हे सहन करून सकाळी पेपरला आम्हीच बसायचं. त्याला 'मौज' म्हणतात आणि तक्रार केली तर आम्ही खडूस. मला सवलत वगैरे मान्य नाही.

मुलींच्या बाबतीत तर प्रकार आणखी वाईट. शुद्ध हरपलेल्या मुलीचा गैरफायदा घेतला जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न तिलाच: तू प्यालीसच का?

रातकिडा
@खोली_नंबर_सात, तोडफोड आणि मारामारीला माफी मी मागितलेलीच नाही. आरसा फोडला तर भरपाई घ्या, अंगावर धावून आला तर काढा. आणि तुमचा दुसरा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. पिण्याची शिक्षा होईल या भीतीने ती मुलगी तक्रारच करत नाही, आणि ज्याने केलं तो निर्धास्त राहतो.

@सरळमार्गी, रस्त्यावरचा फरक मान्य. पण वसतिगृहाच्या खोलीत? हार्वर्डने अमेरिकेतल्या कॉलेजांत केलेल्या पाहणीत १९९३ ते २००१ या काळात अतिपान करणाऱ्या विद्यार्थ्यांचं प्रमाण ४४ टक्क्यांच्या आसपासच राहिलं, तेही वयाची अट २१ असताना. कॉर्नेलच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: अशा प्रसंगानंतर समुपदेशकापर्यंत पोचलेल्या विद्यार्थ्यांचं प्रमाण दुपटीहून वाढलं. लपवलेला मुलगा समुपदेशकाला सापडणार कसा?

@कशाला_उगाच, 'सगळेच' हा भ्रम जुना आहे. इतर विद्यार्थी खरोखर पितात त्यापेक्षा जास्त पितात असं विद्यार्थ्यांना वाटतं, हे १९८६ पासूनच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या कल्पनेतल्या 'सगळ्यां'ची बरोबरी करायला नवखा पोरगा ग्लास उचलतो.

सरळमार्गी
समुपदेशनाचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे. पण तोच पोरगा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा असाच पडला तर? दर वेळी माफी?

रातकिडा
बोलावणाऱ्याला दर वेळी. पडणाऱ्याला पहिल्यांदा समुपदेशन सक्तीचं, दुसऱ्यांदा पालकांना कळवा. तिसऱ्यांदा काय करायचं यावर मी तुमच्याशी भांडणार नाही.

खोली_नंबर_सात
भांडू नका, पण नियमात एवढं घाला: जिना ज्याने घाण केला त्यानेच धुवायचा, आणि त्याच दिवशी. सफाईवाल्या मावशींनी का धुवायचा?