व्हायरल लोड दबला, तरी सीडी४ का वाढत नाहीत?

द्राक्षबागायतदार, तासगाव
माझ्या थोरल्या बंधूंचे एचआयव्हीचे निदान झाले तेव्हा त्यांचे सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा रक्तातील आकडा) अवघे ६४ होते आणि वय ५२. टीएलडीची (तीन एचआयव्हीविरोधी औषधांची एकत्रित) गोळी ते रोज रात्री जेवणानंतर घेतात. डबीतल्या उरलेल्या गोळ्या मीच मोजत असल्याने तीन वर्षांत एकही चुकलेली नाही, हे खात्रीने सांगतो. व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) दर वेळी ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’, म्हणजे विषाणू आढळला नाही, असा येतो, परंतु सीडी४ वर्षभरात १९० झाले आणि आता २३० वर अडून बसले आहेत. औषध लागू पडत नाही, असे समजायचे का? एका नातलगांनी प्रतिकारशक्तीचे टॉनिकही आणून दिले आहे.

समुपदेशक, सांगली
औषध लागू पडले आहे. त्याची साक्ष व्हायरल लोड देतो. गोळी विषाणूची वाढ रोखते, पेशी घडवण्याचे काम मात्र शरीरालाच करावे लागते. सुरुवातीला आकडा झपाट्याने चढतो, कारण लसिकाग्रंथींत अडकलेल्या पेशी रक्तात परततात. पुढची वाढ नव्या पेशींची असल्याने ती संथ असते. उपचार सुरू होताना सीडी४ फारच खाली गेलेले असले, या पेशी जिथे तयार होतात ती छातीतली थायमस ग्रंथी वयोमानाने आक्रसलेली असली आणि लसिकाग्रंथींची हानी झालेली असली, तर ही वाढ काहींच्या बाबतीत मध्येच थबकते. अशा वेळी गोळी बदलून किंवा आणखी एखादी जोडून सहसा काही साधत नाही. टॉनिकमध्ये लोह किंवा कॅल्शियम असेल तर टीएलडीतले डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध नीट शोषले जात नाही, तेव्हा ते डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नये.

कृष्णाकाठ, वाळवा
मी स्वतः पंधरा वर्षांहून अधिक काळ उपचार घेत आहे. पूर्वी सीडी४ ठरावीक आकड्याच्या खाली येईपर्यंत औषधासाठी थांबावे लागे (निदान होताच उपचार, हे धोरण २०१७ चे), त्यामुळे आमच्यापैकी बरेच जण तळ गाठूनच वर आले. माझे सीडी४ साडेतीनशे ओलांडायला सहा वर्षे लागली. दादा, बंधूंची सेप्ट्रान (सीडी४ कमी असताना इतर संसर्ग टाळण्यासाठी देतात ती गोळी) चालू असेल, तर ती परस्पर बंद करू नका. सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा साडेतीनशेच्या वर आकडा आल्यावरच डॉक्टर ती थांबवतात. खोकला, ताप किंवा वजनात घट दिसली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता टीबीची तपासणी करून घ्या.

द्राक्षबागायतदार, तासगाव
आभारी आहे. बाटलीवरची बारीक अक्षरे भिंगाखाली वाचली. लोह आणि कॅल्शियम दोन्ही आहेत. सोमवारी गोळ्या आणायला जाताना ती बाटलीच सोबत नेतो. सेप्ट्रान चालूच आहे.