रिआल माद्रिदला मालक नाही

रिआल माद्रिद या स्पॅनिश फुटबॉल क्लबचे अध्यक्ष फ्लोरेंतिनो पेरेझ यांच्याबद्दल ‘पेरेझ मालकच आहेत, त्यांना कोण हलवणार?’ असं म्हटलं जातं, ते मला पटलं नाही. क्लब सभासदांचा आहे आणि अध्यक्ष त्यांच्याच मतांवर निवडून येतो. २००० साली तेव्हाचे अध्यक्ष लोरेन्झो सान्झ दोनच महिन्यांपूर्वी चॅम्पियन्स लीग (युरोपातली सर्वात मोठी क्लब स्पर्धा) जिंकूनही पेरेझकडून हरले. कट्टर प्रतिस्पर्धी बार्सिलोनाचा स्टार खेळाडू फिगो आणतो, नाही आला तर सभासदांची वर्गणी मी भरतो, असा शब्द पेरेझनी दिला होता. आणि फिगो आला!

मला खुपतं ते पुढचं. २००६ मध्ये राजीनामा देऊन पेरेझ २००९ ला परतले, आणि तेव्हापासून २०२५ पर्यंतच्या पाचही निवडणुका बिनविरोध. २०१२ मध्ये क्लबची घटना बदलली. उमेदवार स्पॅनिश हवा, २० वर्षांचा सभासद हवा, शिवाय क्लबच्या अंदाजपत्रकाच्या १५ टक्के रकमेची बँक हमी स्वतःच्या मालमत्तेवर हवी. अंदाजपत्रक आता १ अब्ज युरोच्या पुढे गेलंय, म्हणजे नुसती हमीच १५ कोटी युरोंहून जास्त! एसीएससारख्या अवाढव्य बांधकाम कंपनीचे अध्यक्ष असलेल्या पेरेझना ती जमते. त्यांच्या काळात सात चॅम्पियन्स लीग आल्या, हे मी मनापासून मानतो. पण तीस वर्षं वर्गणी भरणाऱ्या माद्रिदच्या शाळामास्तराला उभं राहायचं असेल, तर त्याने हमी कुठून आणायची?