कंबरदुखीसाठी आठ आठवड्यांचा गट: कोणी गेलंय का?

नाशिककर_बाई:
पाच वर्षं कंबर दुखतेय. शाळेत शिकवते, दुसऱ्या तासालाच खुर्ची ओढावी लागते. एमआरआयमध्ये ऑपरेशन करण्यासारखं काही नाही. आता डॉक्टर म्हणतात, गटात जा, तिथे श्वास, ध्यान, हलकी आसनं शिकवतात. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मनाचेच खेळ ना?" दोन दिवस तेच डोक्यात घुमतंय.

आमसूल:
ताई, मी गेले होते. फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर स्नायू दुखत राहण्याचा जुनाट आजार, नऊ वर्षं. आधी ते मनातून काढा, दुखणं खरंच असतं. लांबलेल्या दुखण्यात मज्जासंस्थाच हळवी होऊन बसते, साध्या हालचालीलाही कळ उठते.

आम्ही अकरा जण होतो. सतरंजीवर उताणं निजून डाव्या पायाच्या अंगठ्यापासून लक्ष हळूहळू वर आणायचं, पाऊण तास. खांद्यापाशी आले आणि रडूच फुटलं. इतकी वर्षं त्या खांद्यावर मी नुसती चिडत आले होते. नीट लक्ष दिल्यावर कळलं, आधी जळजळ, मग ठणका, मध्येच क्षणभर काहीच नाही. आणि "आज रात्र बसून काढावी लागणार" ही धास्ती त्याहून निराळी. माझी धास्ती पुष्कळ कमी झाली. खांदा अजून दुखतो, पोळ्या दोन टप्प्यांत लाटते.

एक रिक्षावाले काका म्हणाले, "घरी कण्हायचीही चोरी." कोणी काही बोललं नाही, पण त्या दिवसापासून आम्ही सगळे वेळेआधी यायला लागलो.

फिजिओ_सातारा:
या पद्धतीचा अभ्यासक्रम जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केला. पुढे सिएटलकडे जुनाट कंबरदुखीच्या ३४२ जणांवर चाचणी झाली, २०१६ साली छापून आली. २६ आठवड्यांनी रोजच्या हालचालींत ठळक फरक पडलेले ध्यानाच्या गटात ६१ टक्के, नेहमीच्या उपचारांवर ४४ टक्के. जादू नाही, पण माझ्या मते जाण्यासारखं नक्कीच आहे. व्यायाम मात्र सोडू नका. आणि पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

नाशिककर_बाई:
मला जमिनीवर पाच मिनिटंही उताणं निजवत नाही. मग?

आमसूल:
गुडघ्यांखाली लोड घ्या, नाहीतर कुशीवर निजा. आमच्यातल्या दोघी आठही आठवडे खुर्चीतच बसल्या होत्या. पहिल्या दिवशीच शिकवणाऱ्या बाईंना सांगून ठेवा.