पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश मुलांच्या नौदलकथा: जहाज खरं, मरण खोटं?

नांगर: १९१४-१८ मध्ये ब्रिटनमध्ये मुलांसाठी नौदलाच्या साहसकथांचा पूर आला होता. माझा आक्षेप असा की त्यांनी जहाज चालतं कसं ते दाखवलं, बुडतं कसं ते नाही. पर्सी वेस्टरमन पोर्ट्समथच्या गोदीत कारकून होता, दीडशेहून जास्त पुस्तकं लिहिली. गोदीची भाषा त्याच्या अंगात मुरलेली. पण या कथांत तोफगोळा आदळला की धूर होतो, नायक खोकतो आणि उठतो. ३१ मे १९१६ ला जर्मनांशी जटलंडच्या समुद्री लढाईत 'इंडिफॅटिगेबल', 'क्वीन मेरी' आणि 'इन्व्हिन्सिबल' या ब्रिटिश युद्धनौका काही क्षणांत फुटल्या. ब्रिटिश कॉर्डाइट, म्हणजे तोफगोळा फेकणारी दारू, रेशमी पिशव्यांत असे, टोकाला पेट घेणारी काळी दारू. जर्मनांचा मुख्य भाग पितळी नळकांड्यात. भराभर मारा करता यावा म्हणून दारूकोठाराची दारं उघडी ठेवलेली, पिशव्या वाटेत रचलेल्या. तोफेच्या बुरुजात पेटलेली ज्वाळा थेट खाली पोचली.

पाणतीर: पूर्ण असहमत. दारं उघडी होती हे युद्धकाळात बाहेर आलंच नव्हतं, मग लेखकाने ते लिहायचं कुठून? आणि पंधरा-सोळा वर्षांचा नायक ही थाप नव्हे. ऑगस्ट १९१४ मध्ये डार्टमथच्या नौदल विद्यालयातली शिकाऊ मुलं सरळ जहाजांवर पाठवली. २२ सप्टेंबरला यू-९ या जर्मन पाणबुडीने 'अबूकिर', 'होग' आणि 'क्रेसी' बुडवल्या. १,४५९ माणसं गेली, त्यांत ही मुलंही होती.

नांगर: वयाचं मान्य. कारण माहीत नव्हतं हेही मान्य, पण परिणाम तर दिसत होता ना? जॅक कॉर्नवेल घ्या. वय १६, जटलंडलाच 'चेस्टर' जहाजावर साडेपाच इंची तोफेचं लक्ष्यांतर लावायचं काम. भोवतीचे साथीदार पडले तरी तो जागेवर उभा राहिला, २ जूनला मेला, मग व्हिक्टोरिया क्रॉस. त्या तोफांच्या ढाली डेकपर्यंत पोचतच नव्हत्या. खालच्या फटीतून तुकडे आत शिरले आणि कित्येकांचे पाय गेले. दोष ढालीच्या आरेखनाचा होता. मुलांसाठी मात्र शौर्याचं चित्र तेवढं छापलं गेलं.

शीड: तरी एक प्रसंग तुमच्या विरुद्ध जातो. त्याच लढाईत 'लायन' या ब्रिटिश युद्धनौकेच्या मधल्या बुरुजात मेजर हार्वे मरणाच्या दारात होता. त्याने दारूकोठार बंद करून पाण्याने भरायचा हुकूम दिला. नंतर बुरुजात कॉर्डाइट पेटलंच, तिथली माणसं गेली, पण जहाज वाचलं. हे कुणा कादंबरीकाराने रचलं असतं तर आपण अतिरंजित म्हटलं असतं.

नांगर: हा मुद्दा बिनतोड आहे. पण हार्वेचा हुकूम कळायला आधी ज्वाळा कळावी लागते. वाचणाऱ्या मुलाला तीच कधी सांगितली नाही.

दर्याकाठ: ज्वाळेपेक्षा क्यू-जहाजं पाहा, तिथे लपवाछपवी जास्त आहे. बाहेरून साधं मालवाहू, आत लपवलेल्या तोफा. काही खलाशी घाबरल्याचं सोंग करून होडीत उतरायचे, पाणबुडी जवळ आली की बाजू पाडून मारा. मुलांना हा सापळा कितीही सांगितला तरी पुरत नसे. पण १९ ऑगस्ट १९१५ ला 'बारालाँग'ने अमेरिकी निशाण दाखवत जवळ जाऊन यू-२७ बुडवली आणि पाण्यातले जर्मन ठार केले. ते कुठल्या शूर नायकाच्या हातून करवायचं?

पाणतीर: ते टाळलं, हे खरं. त्या बाबतीत माझ्याकडे उत्तर नाही.