दक्षिण ल्होनाक आणि सावल्यांचा घोळ

‘उपग्रहाच्या चित्रात निळं दिसेल ते पाणी, मग डोंगरातल्या सरोवरांच्या नकाशाला कितीसा वेळ?’ असं काही जण विचारतात. अहो, तिथेच तर गोची आहे! डोंगराची सावलीही पाण्यासारखीच काळी पडते आणि संगणक तिला सरोवर समजतो. मग उताराचा नकाशा वर ठेवून ही ‘तिरकी सरोवरं’ पुसत बसायचं; पाणी काही कड्यावर उभं राहत नाही. ढग असले तर त्यांच्या आरपार बघणारं रडारच. सिक्कीमचं दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचं सरोवर बघा: इस्रोच्या मोजणीत २८ सप्टेंबर २०२३ ला १६७.४ हेक्टर, ४ ऑक्टोबरला ६०.३. आदल्या रात्री सरोवर फुटलं होतं, खाली तीस्ता नदीवरचं चुंगथांगचं धरणही वाहून गेलं. पण रडारचीही एक खोड आहे. वारा सुटून पाण्यावर लाटा उठल्या की काठ पुसट होतो.