सेंट मार्क्स: वस्ती आधीच हलत होती
न्यूयॉर्कची 'छोटी जर्मनी' ही जर्मन स्थलांतरितांची वस्ती १९०४मध्ये 'जनरल स्लोकम' या बोटीला लागलेल्या आगीने एका दिवसात संपली, असं म्हटलं जातं. थोडी भर घालतो. पूर्व सहाव्या रस्त्यावरच्या सेंट मार्क्स लुथरन चर्चची इमारत १८४७ची. १९०४पर्यंत तिथली बरीच जर्मन कुटुंबं शहराच्या उत्तरेकडच्या यॉर्कव्हिल भागात सरकली होती आणि त्यांच्या जागी पूर्व युरोपातले ज्यू येत होते. म्हणजे वस्ती आधीच हलत होती. तरी चर्चच्या वार्षिक सहलीला सगळे आपल्या जुन्या मंडळीतच, म्हणजे चर्चच्या सभासदांतच, परत यायचे, आणि म्हणूनच तो घाव इतका खोल गेला.

१५ जून १९०४, बुधवार. पुरुष कामावर, त्यामुळे सहलीच्या बोटीवर मुख्यतः बायका आणि मुलं. बोटीला आग लागली तेव्हा ती विझवायचे पाण्याचे पाइप कुजलेले, जीवरक्षक जाकिटांतलं बूच भुगा झालेलं. १,०२१ माणसं गेली. चर्चचे पाळक हास वाचले, पण त्यांची पत्नी आणि मुलगी गेली. त्यानंतर त्यांनी किती घरच्या अंत्यविधींना उभं राहायचं? हा विचार मला अजून सोडत नाही.

ओळख न पटलेल्यांचं स्मारक क्वीन्समधल्या, तेव्हाच्या लुथरन दफनभूमीत आहे. १९०५मध्ये त्याचं अनावरण दीड वर्षांच्या मुलीच्या हातून झालं. बोटीवरून वाचलेल्यांत ती सर्वांत लहान होती.

सहाव्या रस्त्यावरच्या त्या इमारतीत १९४० पासून सिनेगॉग आहे. मंडळी मात्र मोडली नाही. १९४६मध्ये ती यॉर्कव्हिलच्या झायन चर्चमध्ये विलीन झाली आणि नावातलं 'सेंट मार्क्स' तिने सोबत नेलं.