‘अच्छी गाती है’ की ‘अच्छा गाती है’? : हिंदीतील विशेषणे आणि क्रियाविशेषणे

हिंदी नव्याने शिकणाऱ्या मराठी भाषकाच्या तोंडी सहज येणारे एक वाक्य चर्चेसाठी घेतो : ‘वह बहुत अच्छी गाती है।’ मराठीत आपण ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला खेळतो’, ‘ते चांगले लिहितात’ असे म्हणतो आणि त्यात काहीही वावगे नसते. कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे ‘चांगला’ हा शब्द बदलत जातो. हिंदीत मात्र प्रमाण रूप ‘वह बहुत अच्छा गाती है’ असे आहे, आणि अनेक जणी गात असल्या तरी ‘लड़कियाँ अच्छा गाती हैं’ असेच राहते. येथे ‘अच्छा’ हा शब्द गाणारीविषयी काही सांगत नाही. तो गाण्याच्या क्रियेविषयी सांगतो, आणि म्हणून पुल्लिंगी एकवचनी रूपात स्थिर राहतो. ‘वह अच्छी है’ म्हटले की तोच शब्द व्यक्तीचा गुण सांगू लागतो आणि तिच्या लिंगाप्रमाणे बदलतो. हा फरक आधी कानात बसला, तर पुढची निम्मी अडचण दूर होते, असे मला वाटते. रूपांचे तक्ते पाठ करणे त्यानंतरचे.

यावर एक रास्त शंका येते. ‘वह अकेली आई’, ‘वह थकी हुई लौटी’ या वाक्यांत शब्द क्रियापदाजवळ असूनही कर्त्याप्रमाणे बदलले आहेत, ते का? एकटेपणा आणि थकवा ही येण्याची किंवा परतण्याची पद्धत नसून येणाऱ्या व्यक्तीची अवस्था आहे, म्हणून हे शब्द विशेषणाप्रमाणे वागतात. तसेच ‘उसने कहानी अच्छी लिखी’ आणि ‘उसने कहानी अच्छी तरह लिखी’ या दोन वाक्यांचा अर्थ एक नाही. पहिल्यात कथा चांगली उतरली आहे. दुसऱ्यात लिहिण्याचे काम नीट झाले आहे. शब्द कोणाविषयी बोलतो आहे हे विचारले, की त्याचे रूप बहुतेक वेळा आपोआप ठरते.

आता शुद्ध विशेषणांकडे येऊ. हिंदीतील विकारी विशेषणे आकारान्त असतात आणि त्यांची रूपे तीनच : ‘अच्छा’, ‘अच्छे’, ‘अच्छी’. मराठीत ‘चांगला, चांगली, चांगले, चांगल्या’ अशी अधिक रूपे सांभाळणाऱ्याला ही व्यवस्था सोपी वाटायला हवी, पण चूक होते ती नेमकी मराठीच्या सवयीमुळे. आपण ‘चांगल्या मुली’ म्हणतो, म्हणून ‘अच्छे लड़कियाँ’ असे रूप ओठांवर येते. आपण ‘चांगल्या मुलीला’ म्हणतो, म्हणून ‘अच्छे लड़की को’ असे निघून जाते. मराठीत नामाला प्रत्यय लागला की तिन्ही लिंगांत ‘चांगल्या’ हे एकच सामान्यरूप चालते. हिंदीत तसे नाही. स्त्रीलिंगी ‘अच्छी’ कधीच बदलत नाही : ‘अच्छी लड़की’, ‘अच्छी लड़कियाँ’, ‘अच्छी लड़कियों को’. बदल होतो तो पुल्लिंगात. ‘बड़ा घर’ चे ‘बड़े घर में’ होते, आणि येथे ‘बड़े’ हे अनेकवचन नसून ‘में’ मुळे आलेले सामान्यरूप आहे.

‘लाल’, ‘सुंदर’, ‘साफ़’, ‘भारी’ ही विशेषणे कोणत्याही लिंगवचनात तशीच राहतात, हे मराठी भाषकाला सांगावे लागत नाही. सांगावे लागते ते ‘बढ़िया’ आणि ‘घटिया’ यांच्याविषयी. दिसायला आकारान्त असूनही ते अविकारी आहेत : ‘बढ़िया कपड़ा’, ‘बढ़िया किताब’, ‘बढ़िया कपड़े’. ‘ज़िंदा’ आणि ‘ज़्यादा’ यांचेही तसेच.

विशेषणाचे रूप बरोबर येण्यासाठी नामाचे लिंग ठाऊक हवे, आणि खरी कसोटी तेथे आहे. हिंदीत नपुंसकलिंग नाही, त्यामुळे मराठीतील नपुंसकलिंगी नामे तेथे दोन गटांत विभागली जातात. ‘घर’ आणि ‘पाणी’ पुल्लिंगात गेले : ‘बड़ा घर’, ‘ठंडा पानी’. ‘पुस्तक’, ‘दुकान’, ‘नाक’ स्त्रीलिंगात गेले : ‘मोटी पुस्तक’, ‘बड़ी दुकान’, ‘लंबी नाक’. याहून फसवी नामे ती, जी मराठीत ठामपणे पुल्लिंगी आहेत आणि हिंदीत स्त्रीलिंगी. आपला ‘मोठा आवाज’ हिंदीत ‘ऊँची आवाज़’ होतो, ‘विजय झाला’ चे ‘विजय हुई’ होते, आणि ‘आत्मा’ देखील स्त्रीलिंगी आहे. म्हणून माझी आग्रहाची सूचना अशी, की नवे हिंदी नाम सुटे पाठ करू नये. ‘ठंडा पानी’, ‘ऊँची आवाज़’ असे विशेषणासह पाठ करावे, म्हणजे लिंग वेगळे लक्षात ठेवावे लागत नाही.

प्रमाण दाखवणाऱ्या शब्दांत आणखी एक बारकावा आहे. मराठी ‘किती’ कधी बदलत नाही, पण हिंदी ‘कितना’ बदलतो : ‘कितने दिन’, ‘कितनी रातें’. ‘किती पुस्तके’ च्या वळणाने ‘कितना किताबें’ म्हणण्याची चूक त्यातून होते. ‘इतना’ आणि ‘उतना’ यांच्या बाबतीत ती कमी होते, कारण आपले ‘इतका’ आणि ‘तितका’ मुळातच बदलणारे आहेत. विशेषणावर जोर देणारा ‘बड़ा’ देखील बदलतो : ‘बड़ी अच्छी बात’, ‘बड़े अच्छे लोग’. ‘बहुत’ मात्र स्थिर आहे, आणि नवशिक्याने आरंभी त्याचाच आधार घ्यावा.

क्रियाविशेषणे घडवण्याची हिंदीची सर्वांत उपयुक्त रीत म्हणजे नामाला ‘से’ जोडणे : ‘ध्यान से सुनिए’, ‘आराम से बैठिए’, ‘ज़ोर से बोलिए’. ‘मोठ्याने बोला’ याचे शब्दशः रूपांतर करू गेल्यास हिंदी बिघडते. तेथे ‘ज़ोर से’ हवे. ‘मुश्किल से’ याचा अर्थ ‘जेमतेम’ किंवा ‘कसेबसे’ असा आहे. दुसरी रीत ‘तरह’ आणि ‘ढंग’ या शब्दांची. ‘तरह’ स्त्रीलिंगी म्हणून ‘अच्छी तरह’, ‘ढंग’ पुल्लिंगी म्हणून ‘अच्छे ढंग से’. म्हणजे क्रियाविशेषणाच्या आतही विशेषणाचा नियम चालूच असतो.

वेगाच्या शब्दांत हिंदीने सोय आणि अडचण दोन्ही ठेवल्या आहेत. ‘तेज़’ दोन्हीकडे चालतो : ‘तेज़ गाड़ी’, ‘तेज़ चलो’. परंतु ‘धीमी गाड़ी’ आणि ‘धीरे चलो’ यांत शब्द वेगळे आहेत, आणि ‘धीरे गाड़ी’ म्हणता येत नाही. ‘जल्दी’ मध्ये आपले ‘लवकर’ आणि ‘पटकन’ दोन्ही सामावतात, पण ‘जल्दी गाड़ी’ होत नाही. शिवाय ‘मुझे जल्दी है’ मध्ये तोच शब्द ‘घाई’ या अर्थाचे नाम असतो.

शेवटी ते शब्द, जे ओळखीचे वाटतात म्हणूनच अधिक जपून वापरावे लागतात. मराठी ‘मोठा’ म्हणजे हिंदी ‘बड़ा’. हिंदी ‘मोटा’ म्हणजे आपला ‘जाड’ किंवा ‘लठ्ठ’, त्यामुळे थोरल्या भावाची ओळख ‘मोटा भाई’ अशी करून दिल्यास हिंदी ऐकणाऱ्याला त्याच्या देहाचे वर्णन ऐकू येते. उंच माणसाला हिंदीत ‘लंबा’ म्हणतात, तर ‘ऊँचा’ हा शब्द मुख्यतः इमारत, डोंगर, आवाज यांच्यासाठी असतो. आणि आपले ‘लांब’ जेव्हा अंतर सांगते, तेव्हा हिंदीत ‘दूर’ हवे. मराठी ‘सरळ’ म्हणजे ‘सीधा’, हिंदी ‘सरल’ म्हणजे ‘सोपा’. क्रियाविशेषण म्हणून ‘सीधे जाइए’ हे एकारान्त रूप अधिक रूढ आहे. मराठी ‘ताबडतोब’ म्हणजे ‘तुरंत’, तर हिंदी ‘ताबड़तोड़’ मध्ये एकामागून एक, न थांबता असा अर्थ आहे. आणि ‘खाली’ तर शब्दाची जातच बदलतो. मराठीत ते प्रामुख्याने स्थळ दाखवणारे क्रियाविशेषण आहे, हिंदीत ‘ख़ाली’ म्हणजे रिकामा. पाहुण्याला ‘खाली बसा’ म्हणायचे असेल तर ‘नीचे बैठिए’ म्हणावे. ‘ख़ाली बैठना’ याचा अर्थ काहीही काम न करता बसून राहणे असा होतो.